आरएक्सला वरचा दम कुठून आणायचा?

गॅरेजच्या ओट्यावरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १९९८ची चार गिअरची यामाहा आरएक्स १३५ आहे. डांबरावर कमी, मातीतच जास्त चालते. बटन टायर टाकलेत, मागचं स्प्रॉकेट मोठं केलंय, हँडल उंच केलंय. खालचं पिकअप मस्त आहे, पण मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या पुढे गाडी दम सोडते. कन्हानच्या रेतीत तिसरा टाकला की बसतेच. मिस्त्री म्हणतो, अठ्ठावीस एमएमचा कार्ब (कार्ब्युरेटर) लाव, एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधलं धूर जायचं भोक) तीन एमएम वर घे आणि हेड (सिलिंडरचं झाकण) घासून घे. करू का?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : भाऊ, आधी एक सांगा, सात हजार हा आकडा आणला कुठून? तुमच्या गाडीला फेऱ्यांचा काटा नाही. प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, तो आधी लावा. कानानं मोजलेल्या फेऱ्यांवर मी कुणाचा ब्लॉक (सिलिंडर) कापू देत नाही.

हे विचारायचं कारण आहे. या इंजिनाची पूर्ण ताकद कंपनीनंच साडेसात हजारांच्या आसपास ठेवलेली. काटा लावल्यावर गाडी साडेसातपर्यंत खणखणीत ओढते आणि मग सपाट होते असं दिसलं, तर इंजिन तंदुरुस्त आहे, त्याची मर्यादाच तेवढी. पण साडेसहालाच धापा टाकत असेल तर ते दुखणं आहे, आणि दुखण्यावर पोर्टिंग, म्हणजे पोर्टं कापणं, हा इलाज नाही. तुमच्या मिस्त्रीनं सांगितलेल्या तिन्ही गोष्टींमध्ये तपासणी कुठेच नाही, हे मला खटकतं.

तपासणी सायलेन्सरपासून सुरू करा. आतली नळी बाहेर ओढा. ती भोकांसकट काळी चिकट झालेली असेल तर वरच्या फेऱ्यांचा धूर बाहेर पडायला वाटच नाही. जाळून साफ करायची जुनी पद्धत ठीक आहे, फक्त अंगणात करा आणि शेजाऱ्याला सांगून करा. मग पाइप खोलून एक्झॉस्ट पोर्टात बोट घाला. तिथे कार्बनचा थर असतो, आणि दोन एमएमचा थर म्हणजे पोर्ट तेवढंच खाली आणि अरुंद. पिस्टन तळाला नेऊन लाकडाच्या काडीनं खरवडा, स्क्रू ड्रायव्हरनं नको. रीड व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) पात्या उजेडाकडे धरून बघा. कोपरा तुटलेला किंवा पाती नीट बसत नसेल तर बदला.

यानंतर येतं ते जवळपास कुणीच करत नाही : हवा दाबून बघणं. टू-स्ट्रोकचं क्रँककेस (पिस्टनखालची पेटी) म्हणजे पंप आहे, तो गळका असेल तर वर काय काय लावता याला अर्थ नाही. त्यासाठी महागडं यंत्र नको. कार्बच्या रबरात आणि एक्झॉस्टला ट्यूबच्या रबराची गच्च बुचं मारा, एका बुचातून नळी काढा आणि तिला बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडा. पिस्टन तळाला ठेवा, म्हणजे पोर्टं उघडी राहतील. पाऱ्याच्या ३०० एमएमपर्यंत दाब भरा, तो सहा पीएसआयच्या अगदी जवळ जातो. मिनिटाला पन्नासच्या आत उतरला तर चालेल. भराभर उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. मॅग्नेटोच्या बाजूचं ऑइल सील गेलं असेल तर तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल आपोआप चढतं आणि एक दिवस पिस्टन सिलिंडरला पकडतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि प्लग ओला राहतो. वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्यांत हे दोन सील बदलल्यावर मालक विचारतो, इंजिनात काय काम केलं? काम काहीच केलेलं नसतं.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही वर दम हवाच असेल, तर पुढचं वाचा.

टू-स्ट्रोकमध्ये ताकद कोणत्या फेऱ्यांवर बसेल हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात : एक्झॉस्टचा पाइप, पोर्टांची उंची आणि ठिणगीची वेळ. कार्ब त्या यादीत फार खाली आहे. पाइप नेमकं काय करतो ते सांगतो, म्हणजे कुणी रस्त्यावर 'रेसिंग सायलेन्सर' विकायला आला तर तुम्ही त्याला प्रश्न विचारू शकाल. एक्झॉस्ट उघडलं की दाबाची लाट पाइपातून पळत सुटते. पाइप रुंद होत जातो तिथून ती उलटून शोषण होऊन परत येते आणि सिलिंडरमधला जळका धूर ओढून काढते. ओढता ओढता थोडं ताजं पेट्रोल-हवाही पाइपात निसटतं. पुढे पाइप पुन्हा अरुंद होतो. त्या निमुळत्या भागावर, म्हणजे कोनावर, आपटून लाट दाब घेऊन परतते आणि निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते, बरोबर पोर्ट बंद व्हायच्या आधी. शाळा सुटायच्या आधीच फाटकातून सटकलेली पोट्टी मास्तरानं मागे हाकलावीत आणि लगेच फाटक लावावं, तसं. मास्तर लवकर आला तरी पंचाईत, उशिरा आला तरी पंचाईत.

तो वेळेवर यावा म्हणून लांबी मोजायची असते. पिस्टनच्या तोंडापासून शेवटच्या कोनाच्या साधारण मध्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये हवी असेल तर एक्झॉस्ट किती अंश उघडं राहतं त्या आकड्याला ४२,५४५ ने गुणा आणि हव्या त्या फेऱ्यांनी भागा. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. गरम धुरात लाट सेकंदाला ५१० मीटरच्या आसपास पळते, त्यावरून तो निघतो. समजा तुमचं एक्झॉस्ट १८० अंश उघडं राहतं. ८,५०० फेऱ्यांसाठी लांबी येते ९०१ एमएम. ९,५०० साठी ८०६. म्हणजे हजार फेऱ्या वर जायला पाइप जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर आखूड होतो. तुमच्यासाठी ८,५०० पुरे. रेतीत साडेनऊ हजारांचा पाइप लावलात तर तिसरा गिअर टाकल्यावर तो जागा व्हायच्या आतच चाक रुतलेलं असेल.

शेवटची बारीक नळी, जिला पोरं 'शेपटी' म्हणतात, ती आतून फार अरुंद केली तर आत उष्णता कोंडते आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. फार रुंद केली तर मधल्या फेऱ्यांची ताकद जाते. हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचे कोन लाटून जोडणारे कारागीर आहेत. त्यांना मापं लिहून द्या, 'जरा मोठं कर दादा' असं सांगू नका. हातानं केलेला, मापात असलेला साधा पाइप चकचकीत पॅकेटमधल्या पाइपापेक्षा तुमच्या कामाचा निघेल.

आता पोर्ट. तुमच्या गाडीचा बोअर ५८ आणि स्ट्रोक ५० एमएम. या मापाच्या इंजिनात एक्झॉस्टची वरची कड एक एमएमनं चढवली की एकूण उघडण्यात सुमारे साडेचार अंशांची भर पडते. तीन एमएम म्हणजे तेरा-चौदा अंश! ट्रेलच्या इंजिनांचं एक्झॉस्ट साधारण १७५ ते १८५ अंशांत असतं, मोटोक्रॉसचं १९० च्या आसपास. तुमचा मिस्त्री एका झटक्यात मोटोक्रॉसमध्ये नेतोय, तेही खालच्या फेऱ्यांना सावरायला पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टची उंची आपोआप बदलणारी झडप) नसलेल्या इंजिनाला. डिग्रीची चकती क्रँकवर लावून आत्ता किती अंश आहेत ते मोजा. कापायचंच असेल तर अर्धा एमएम कापा, जोडा, चालवा, मग पुढचं ठरवा. रुंदीत माझी हद्द बोअरच्या सत्तर टक्क्यांची आहे, म्हणजे तुमच्याकडे ४० एमएम, तेही कोपरे गोल असतील तर. त्यापुढे रिंग पोर्टात फुगते आणि अडकते. कापल्यावर कडा नीट मारल्या नाहीत तर चाळीस एमएमसुद्धा जास्तच. पाइप आधी आणि पोर्ट नंतर, हा क्रम मी बदलत नाही : पाइप आवडला नाही तर काढून ठेवता येतो, पण कापलेल्या बिडाची भरपाई नवीन ब्लॉक घेऊनच होते, आणि आरएक्सचा चांगला ब्लॉक आज काय भावानं मिळतो ते तुम्हाला माहीत असेलच.

हेड घासण्याबद्दल. कॉम्प्रेशन वाढलं की खालचं पिकअप वाढतं, ते तुमच्याकडे आधीच आहे. वरच्या फेऱ्यांना त्याचा फार उपयोग नाही, उलट पाइपात जाणारी उष्णता कमी होते आणि गाडी वर लवकर सपाट होते. फक्त स्क्विश, म्हणजे पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांच्यात उरणारी फट, मोजा. सोल्डरची दोन एमएमची तार प्लगच्या भोकातून आत घालून पिस्टनच्या कडेपर्यंत न्या, गजन पिनच्या रेषेत, म्हणजे पिस्टन झुकून चुकीचं माप यायचं नाही. इंजिन हातानं फिरवा, चेपलेली तार मोजा. एक एमएमच्या आसपास असेल तर हेडला हात लावू नका. दीड-दोन एमएम निघाली तर लेथवर थोडं उतरवून एकवर आणा. त्यानं आग नीट जळते आणि टकटक कमी होते.

ठिणगी. वरच्या फेऱ्यांना टायमिंग थोडं मागे घेतलं की पाइप जास्त तापतो, लाट जोरात पळते आणि गाडी शिखरानंतरही काही काळ ओढत राहते. हे स्वतःहून करणाऱ्या सीडीआय (ठिणगीच्या इलेक्ट्रॉनिक डब्या) मिळतात. पण पाइप बदलण्याआधी त्यांच्यावर पैसे टाकू नका.

आणि कार्ब? सर्वांत शेवटी. आत्ता जो आहे त्याचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) नीट लागलाय का हे आधी बघा. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर मेन जेटचं राज्य असतं. मोकळ्या, वाहतूक नसलेल्या सरळ पट्ट्यात शेवटच्या गिअरवर पूर्ण थ्रॉटलनं ओढा आणि चालत्या गाडीतच क्लच दाबून इंजिन बंद करा. प्लग काढून पोर्सेलिनच्या अगदी तळाशी, जिथे ती धातूला मिळते तिथली रेघ भिंगानं बघा. टोकाचा रंग फसवतो. नेहमी मोठ्या जेटपासून सुरुवात करून खाली या, उलट कधीच नाही. अठ्ठावीसचा कार्ब तुमच्या रीडमधून जेवढी हवा जाते त्यापेक्षा जास्त काही देणार नाही, फक्त खालच्या फेऱ्यांना अडखळेल. पाइप आणि पोर्ट झाल्यावरही वर गुदमरत असेल तर चोवीस-सव्वीस बघू.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात जेट बदलावा का? आणि आता सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आहे, त्याचं काय?
– एक वाचक, कामठी

उत्तर : दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत ते बरं झालं, कारण उत्तरं एकमेकांना कापतात.

१५ अंशांवरची हवा ४५ अंशांवर गेली की साडेनऊ टक्के पातळ होते. हवा कमी, म्हणून मिश्रण गडद होतं, पण तेवढंच नाही. पातळ हवा जेटमधून पेट्रोलही थोडं कमी ओढते, त्यामुळे फरक चार-पाच टक्क्यांचाच राहतो. दुसरीकडे ई-२०. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळल्यावर हा आकडा साडेतेरापर्यंत येतो. म्हणजे जुन्या जेटवर गाडी सुमारे आठ टक्के पातळ चालते.

आता जोडा. मेअखेरच्या नवतपात ऊन मिश्रण गडद करतं, ई-२० पातळ करतं आणि जुन्या जेटवरची गाडी बऱ्यापैकी निभावून नेते. लोक खूश. डिसेंबर येतो, पहाटे दहा अंश. उन्हाची मदत गेली, इथेनॉल तिथेच. त्याच जेटवर कुणी खिंडसीच्या रस्त्याला पूर्ण थ्रॉटल धरतो आणि पिस्टन पकडतो. मग म्हणतात, थंडीत इंजिन कसं गरम झालं? दिवाळीनंतर मेन जेट एक नंबर मोठा लावा, मार्चमध्ये परत आणा. जेट स्वस्त आहे.

आणखी एक. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बचा बाउल रिकामा करा. बाउलमधली हिरवट बुरशी घेऊन येणारे मला दर सप्टेंबरात भेटतात.

प्रश्न : मी ऑइल पंप काढलाय, पेट्रोलमध्येच टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) मिसळतो. एक मित्र म्हणतो लिटरला ५० मिली, दुसरा म्हणतो २५. वरच्या फेऱ्यांसाठी जास्त ऑइल चांगलं ना?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : पन्नास म्हणजे एकास वीस, पंचवीस म्हणजे एकास चाळीस. चांगल्या एफडी दर्जाच्या ऑइलला मी एकास तीसच्या आसपास, म्हणजे लिटरला तेहेतीस मिली धरतो. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा असं सरसकट नसतं. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं आणि मिश्रण पातळ होतं. प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासा. आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून इंजिन फिरवत राहू नका. पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. मधूनमधून थोडा थ्रॉटल द्या.

प्रश्न : मी पाइप लावला, वर गाडी भन्नाट पळते, पण रामटेककडच्या मुरमाच्या चढावर उभी करून परत सुटायची म्हटलं तर बंद पडते. पाइप काढून टाकू का?
– एक विद्यार्थी, रामटेक

उत्तर : काढू नका. आधी मागच्या स्प्रॉकेटला दोन दात वाढवा. ताकद वर सरकली की इंजिनाला तिथपर्यंत पोहोचवणं गिअरिंगचं काम, आणि तुमचा टॉप स्पीड मुरमावर तसाही कुणी मोजत नाही. क्लचच्या प्लेटा आणि स्प्रिंगा नवीन टाका, कारण चढावर क्लच थोडा घसरवूनच सुटावं लागेल आणि जुन्या प्लेटा त्यात जळतील. तरीही बंद पडत असेल तर कार्बमधला पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा) आणि सुईची खाच बघा, पाइप बदलल्यावर त्या कुणी बघितलेल्या दिसत नाहीत. चिकट काळ्या मातीत पावसाळ्यात चालवणार असाल तर मात्र तेवढ्या दिवसांसाठी जुना सायलेन्सर परत चढवा. त्या मातीला फेऱ्या चालत नाहीत, खालचा रेटा चालतो.

प्रश्न : माझा मुलगा तुमचा कॉलम वाचून गाडीला पाइप लावतोय. आवाजानं सोसायटीत भांडणं झालीत. हे कायद्यात बसतं का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, बसत नाही, आणि मुलाला माझं नाव सांगून सुटू देऊ नका. कंपनीच्या रचनेत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात जातं, आणि आवाजासाठी वेगळा दंड आहे. वर लिहिलेलं सगळं खाजगी जागेवर, परवानगीनं चालणाऱ्या गाडीसाठी आहे. रस्त्यावर न्यायची तीच गाडी असेल तर जुना सायलेन्सर जपून ठेवायला सांगा, तो चढवल्याशिवाय फाटकाबाहेर काढायची नाही.

त्याला हेही सांगा की आवाज म्हणजे ताकद नव्हे. शेपटीच्या पुढे काचेच्या लोकरीनं भरलेला चांगला सायलेन्सर बसवला तर ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, आवाज मात्र निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. लोकर जळून गेली की आवाज पुन्हा फुटतो, ती बदलावी लागते. आणि मार्च ते जूनमध्ये गाडी सागाच्या वाळक्या पाल्यातून नेणार असेल तर शेपटीला ठिणग्या अडवणारी जाळी लावल्याशिवाय नेऊ नये. टू-स्ट्रोकमधून कार्बनचे पेटते कण बाहेर पडतात आणि आपल्याकडे वणवा लागायला तेवढं पुरतं. उमरेड-कऱ्हांडलाच्या बाजूला तर कुठल्याच मोसमात गाडी जंगलात घालायची नाही, तिथे अभयारण्य आहे. त्याला रेतीच हवी असेल तर गावकऱ्यांना विचारून मोकळी जागा धरावी आणि सकाळी आठच्या आत आटोपावं, ऊन चढल्यावर हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला आणि पोराला दोघांनाही ते झेपत नाही.